भिलाईचा लोहमार्ग आणि गावाची लोकसंख्या

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली राजहरा येथून रेल्वेने येऊ लागले. खनिजाच्या मार्गाला लोकसंख्येची अट नसते. खेड्याच्या रस्त्याला असते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मैदानी वस्तीसाठी ही अट किमान ५००, तर आदिवासी व डोंगराळ भागांत २५० आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठीही २०११ चीच जनगणना प्रमाण मानण्यात आली, कारण २०२१ ची झालीच नाही. परिणामी, तेव्हा ४९० लोकसंख्या नोंदलेले भिलाईजवळचे एखादे मैदानी खेडे आज कितीही वाढलेले असो, कागदोपत्री अपात्रच ठरते. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. चौथ्या टप्प्याची मुदत २०२८-२९ पर्यंतच.