यंत्रणा बदलली, दुरुस्ती कोणाच्या हाती?

१९७७ साली जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी आयबीएम या बलाढ्य अमेरिकन कंपनीला परकीय चलन नियमन कायद्यावर बोट ठेवून बजावले की, परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणा, नाहीतर हा देश सोडा. १९७८ साली कंपनीने गाशा गुंडाळला. समाजवादी चळवळीत हा प्रसंग आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. कंपनी गेली तरी तिची यंत्रे जागोजागी बसलेलीच होती. ती बंद पडली नाहीत, कारण कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यांची देखभाल अंगावर घेतली. दुरुस्ती येत नसती तर ती हकालपट्टी अंगलट आली असती.

दाराने घालविलेली मक्तेदारी पुढे खिडकीने आत आली, आणि या वेळी तिचे नावही खिडकीवरूनच होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी त्या कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. यंत्र धडधाकट असताना ते मोडीत काढावयाचे, असा हा हिशेब आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतील शाळा, सार्वजनिक वाचनालये आणि छोटी कार्यालये यांना तो परवडणारा नाही.

पर्याय नाही, ही सबब मात्र चालणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले लिनक्स, यांतून उभी राहिलेली मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावरही चालते. आपल्या सी-डॅकनेही डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली दिली. उत्साही कार्यकर्ते ती शाळेत बसवूनही देतात. खरा प्रश्न ते परत गेल्यावर सुरू होतो.

समजा, संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या शाळेत अशी प्रणाली नुकतीच बसविली आहे. गुरुजी टर्मिनलची काळी चौकट उघडून एक कार्यक्रम जोडण्याची आज्ञा देतात, आणि इंग्रजीत उत्तर येते की, हा वापरकर्ता ‘सुडोअर्स’च्या यादीत नाही, या घटनेची वर्दी दिली जाईल. ज्याची नोकरी तपासणी, अहवाल आणि खुलासे यांत चालली आहे, त्याला हे वाचून घाम फुटला तर नवल नाही. वर्दी कोणाला जाणार? त्याच यंत्राच्या रोजनाम्यात, त्याच यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाला. आणि तो व्यवस्थापक म्हणजे प्रणाली बसविताना ज्याने ‘रूट’चा परवलीचा शब्द ठरविला तो, बहुधा गुरुजी स्वतःच! (नव्या आवृत्त्यांत ही धमकी काहीशी सौम्य झाली आहे.) डेबियनमध्ये रूटसाठी वेगळा परवलीचा शब्द दिला की पहिल्या वापरकर्त्याला व्यवस्थापनाचे अधिकार आपोआप मिळत नाहीत, एवढाच याचा अर्थ. रूट होऊन त्याचे नाव ‘सुडो’ गटात घालावे, बाहेर पडून पुन्हा आत यावे, काम झाले.

येथेही एक खोच आहे. रूट होण्यासाठी नुसते ‘सु’ लिहिले तर नाव जोडण्याची आज्ञा ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून परत येते. आज्ञा यंत्रात असते, पण ती जेथे ठेवली आहे ती जागा सामान्य वापरकर्त्याच्या शोधमार्गात नसते. ‘सु’नंतर जागा सोडून एक आडवी रेघ दिली की रूटचा शोधमार्ग मिळतो. एका रेघेवाचून माणूस दिवसभर अडतो आणि शेवटी ‘फुकटचे ते असेच’ म्हणून दुकानदाराकडे जातो. दुकानदार चोरीची विंडोज टाकून देतो. मक्तेदारीचा विजय असा एका रेघेने होतो.

दुसरा अनुभव जुन्या यंत्रांचा. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, उन्हाळ्याची सुट्टी संपवून यंत्र चालू केले की घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते. मग प्रणाली म्हणते की, भांडाराची यादी अजून वैधच झालेली नाही. प्रमाणपत्रेही नाकारली जातात. दोष इंटरनेटला दिला जातो. खरे तर तारीख बरोबर करून सेल बदलावयाचा असतो. तिसरे म्हणजे कुलूप मिळत नसल्याची तक्रार. प्रणाली स्वतःच पाठीमागे सुधारणा उतरवीत असते, तिचे होईपर्यंत थांबावे. कुलपाची फाइल पुसून टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्याने अर्धवट राहिलेले काम आणखी बिघडण्याचा धोका असतो.

विहिरीवरची मोटार बिघडली की गावातला कारागीर आवाजावरून दोष ओळखतो. संगणक तर आपला दोष शब्दांत सांगतो! तरीही माणूस तो वाचावयाच्या आधीच चौकट बंद करतो, कारण सांगणारी भाषा इंग्रजी. ही भाषा मूठभरांच्या हाती सत्ता ठेवण्याचे साधन आहे, हे डॉ. लोहियांनी सांगितले त्याला कितीतरी दशके लोटली. त्याचा इतका रोखठोक पुरावा क्वचितच मिळेल. चित्रमय पडद्याची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी बरीच केली आहेत, टर्मिनलचे संदेश मात्र बहुतांशी इंग्रजीच राहिले. येथे एक सावधगिरी हवी. संदेश संस्कृतप्रचुर मराठीत घालून मूळ शब्द पुसले तर वापरणारा आणखीच एकाकी पडेल, कारण उपाय शोधावयाचा तो मूळ शब्दांवरूनच. मूळ ओळ जशीच्या तशी, आणि खाली साध्या मराठीत तिचा अर्थ व उपाय, असे लेखन हवे.

ही शहरी हौस आहे, जिल्ह्याचा प्रश्न कापसाच्या भावाचा आणि पाण्याचा आहे, असा आक्षेप काही साथी घेतील. पण सातबारा, पीक विमा आणि अनुदानाचे अर्ज आज संगणकावरूनच जातात. केंद्रातले यंत्र अडले की शेतकऱ्याची मजुरी बुडते. काही सरकारी कामांना लागणारी सही-साधने आणि जुने मुद्रक लिनक्सवर त्रास देतात, हेही मान्य केले पाहिजे. तेथे घाई करू नये; शाळा आणि वाचनालये आधी घ्यावीत.

केरळात २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू झाले तेव्हा शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडविण्यात आले. २०१९ साली त्या राज्याने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली बसविण्याचे आणि त्यातून परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचविण्याचे जाहीर केले, ते त्या पायावर. २०१८ पासून तेथे ‘लिटल काइट्स’ या मंडळांतील विद्यार्थीही यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण घेतात.

बुलढाण्यात याची सुरुवात खर्चावाचून करता येईल. प्रणाली बसविणाऱ्याने तालुक्यात किमान तीन माणसे चुका वाचावयास शिकवल्याशिवाय परतू नये. प्रत्येक यंत्राजवळ एक वही असावी: संदेश जसा दिसला तसा, त्याचा अर्थ, काय करून पाहिले, काय चालले, काय चालले नाही. महिन्यातून एकदा या वह्या मेहकरला किंवा खामगावला एकत्र आणून ताडून पाहाव्यात आणि त्यांतल्या नोंदी इतर तालुक्यांना द्याव्यात. जिल्हा परिषदेकडे मागणी मांडावयाची तर नव्या संगणकांच्या आधी हीच मांडावी की, परवान्यांचा वाचलेला पैसा देखभालीसाठी शाळेच्याच हाती राहावा आणि सेल बदलावयास गुरुजींना तालुक्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.