भीड आणि खुणेचे पत्ते

सभापर्व शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. शकुनीचे कपट युधिष्ठिराला कळत नव्हते काय? आजवर आम्ही या प्रश्नाला ठरावीक उत्तरे देत आलो. आव्हान आले तर मागे फिरायचे नाही हे त्याचे व्रत, द्यूताची त्याची ओढ, धृतराष्ट्राची आज्ञा, आणि काहीच पुरेसे वाटले नाही तर नियती. गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्यासमोर वर्गाबाहेर उभा राहिला आणि ही सारी उत्तरे अपुरी पडली.

आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. वसतिगृहाच्या एका खोलीत शनिवारी रात्री पोकरचा डाव बसे. आरंभी चहाच्या पैशांपुरता असलेला हा खेळ पुढे वाढत गेला आणि तीन महिन्यांचे खानावळीचे पैसे व परीक्षेचे शुल्क त्यात गेले. हरल्याचे दुःख त्याला होतेच. पण त्याला खरे खात होते ते वेगळेच. पत्त्यांचा कॅट दर वेळी एकाच मुलाचा असे. त्या मुलाची नजर स्वतःच्या हातातल्या पत्त्यांवर कमी आणि इतरांच्या पत्त्यांच्या पाठींवर अधिक असे. हे याच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारीच लक्षात आले होते. "मग विचारलं का नाहीस?" असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, कसं विचारणार? सगळे ओळखीचेच होते."

यावर आम्ही काय केले? जुगार वाईट, हे त्याला पाऊण तास समजावले. तो निमूटपणे ऐकून निघून गेला. तो गेल्यावर आमच्या ध्यानात आले, की त्याने जे विचारले होते त्याचे उत्तर आम्ही दिलेच नव्हते, आणि जे दिले ते त्याला आधीच ठाऊक होते.

पैसे लावून खेळण्याचे समर्थन आम्हांला करायचे नाही. परंतु विहिरीत उतरू नको असे सांगणाऱ्याने पोहायला शिकवू नये, असे कोणी म्हणत नाही. आपल्या वाङ्मयात जुगाऱ्याच्या विलापाची परंपरा ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून आहे. लबाडी कशी चालते आणि तिच्यापासून स्वतःला कसे राखावे, हे सांगणे मात्र आपण हलके मानले. त्यामुळे फसलेला माणूस दुहेरी एकटा पडतो. घरी सांगावे तर बोलणी बसतात. दाद मागावी तर पैजेचा करार 1872 च्या करार कायद्यानुसार निरर्थक आणि तो स्वतःच जुगार खेळलेला. त्याचे रक्षण व्हायचे तर ते डावापूर्वीच व्हायला हवे.

पोकरमध्ये ही लबाडी इतकी घातक का ठरते, हे खेळाच्या रचनेत आहे. टेक्सस होल्डम या आज सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेले पत्ते असतात आणि मध्ये पाच सामाईक पत्ते उघडतात. उरतो तो दुसऱ्याच्या दोन पत्त्यांविषयीचा अंदाज. सारा खेळ त्या अंदाजावर उभा असतो. लबाडाला बावन्न पत्त्यांची ओळख लागत नाही. एक्के आणि राजे तेवढे पाठीवरून ओळखता आले तरी पुरे. तो प्रत्येक डाव जिंकत नाही, जिंकूही पाहत नाही. समोर भारी पत्ता दिसला की तो मुकाट्याने पत्ते टाकतो, नसला की पैसे वाढवतो. पाहणाऱ्याला वाटते, काय जाण आहे याला खेळाची!

खुणांचे प्रकार थोडक्यात असे. छापील नक्षीतली एखादी पाकळी रंगाने भरून टाकायची किंवा एखादी बारीक रेघ खरवडायची. पाठीवर फिकट रंगाचा हात द्यायचा, जो जवळून नव्हे तर दुरून, नजर सैल सोडल्यावर दिसतो. सुईने बारीक उंचवटा काढायचा, जो वाटणाऱ्याच्या बोटाला जाणवतो. खेळता खेळता नखाने कडेला खाच पाडायची, कोपरा किंचित दुमडायचा किंवा बोटावरचा मेणकट रंग टेकवायचा. आता यांत विशिष्ट भिंगातूनच दिसणाऱ्या शाईची आणि पत्त्यांच्या कडांवरचे संकेत वाचणाऱ्या छुप्या कॅमेऱ्यांची भर पडली आहे. साधने नवी असली तरी विद्या जुनी आहे. काराव्हाज्जोने 1594 च्या सुमारास रंगवलेले पत्तेबाज लबाडांचे चित्र अमेरिकेत फोर्ट वर्थ येथील किम्बेल संग्रहालयात आहे. त्यात पोरसवदा सावजाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातमोज्याची बोटे टोकांशी फाटलेली आहेत. खुणा चाचपता याव्यात म्हणून, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. सावज मात्र स्वतःच्या पत्त्यांत गढून गेले आहे.

तपासण्याची एक सोपी रीत आहे. कॅट एका हातात घट्ट धरावा, पाठी आपल्याकडे ठेवून कडेवरून अंगठ्याने पत्ते भराभर सोडावेत आणि नजर नक्षीच्या एकाच जागी ठेवावी. पाठी खरोखरच एकसारख्या असतील तर नक्षी स्थिर दिसते. कुठे रेघ भरलेली वा खरवडलेली असेल तर ती जागा हलते, नाचते. वहीच्या पानांच्या कोपऱ्यांवर चित्रे काढून ती भरकन उलटल्यावर व्हावे तसे. मग पत्ते उजेडात तिरपे धरून डाग पाहावेत आणि कडांवरून बोट फिरवावे.

एवढे केले म्हणजे झाले काय? नाही. सीलबंद नवा कॅट हा तर पुरावाच नव्हे. फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ याने पत्त्यांतली लबाडी उघड करणारे पुस्तक 1861 साली लिहिले. त्यात एका स्पॅनिश लबाडाची हकिगत आहे. त्याने असंख्य कॅट विकत घेऊन त्यांवर खुणा केल्या, वेष्टने होती तशी चिकटवली आणि तो माल स्वस्तात हवानाला पाठवला. मग स्वतः तिथे जाऊन तो क्लबांतून खेळू लागला. प्रत्येक टेबलावर दुकानातून आणलेला, सर्वांदेखत फोडलेला कॅट, आणि प्रत्येक कॅट त्याचाच!

याच्याही पुढची पायरी अलीकडची आहे. तिच्यात खूण करावीच लागत नाही. ऑगस्ट 2012 मध्ये प्रसिद्ध पोकरपटू फिल आयव्ही लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात पुंतो बांको हा पत्त्यांचा खेळ खेळला. तेथील पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही लांब कडांना अगदी सारखी कापली गेलेली नव्हती. आपली अमुक अमुक श्रद्धा आहे अशा बहाण्याने त्याने व त्याच्या सहकारी स्त्रीने पत्ते वाटणाऱ्या कर्मचारी स्त्रीकडूनच हवे ते पत्ते उलट दिशेने फिरवून घेतले. आयव्हीने स्वतः पत्त्याला हातही लावला नाही. जिंकलेली रक्कम सुमारे 77 लाख पौंड होती. क्लबाने ती दिली नाही, आणि 2017 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच असल्याचा निर्णय दिला. इतका अनुभवी क्लब का फसला? मोठ्या गिऱ्हाइकाची मर्जी मोडायला नको म्हणून. त्याच्या चमत्कारिक मागण्या कोणालाही नाकारता आल्या असत्या.

येथे आम्ही आमच्या मुख्य म्हणण्यापाशी येतो. खुणेच्या पत्त्यांपासून रक्षण मुख्यतः तीक्ष्ण नजरेने होत नाही, कारण लबाडाची नजर नेहमीच अधिक सरावलेली असणार. ते होते ते सर्वांना सारख्या लागू असणाऱ्या रीतीने, आणि ती रीत पहिला पत्ता वाटण्यापूर्वी ठरवून घेतल्याने. वेगवेगळ्या रंगांच्या पाठींचे दोन कॅट असावेत आणि ते आलटून पालटून वापरावेत. कॅट दर वेळी एकाच माणसाने आणू नये. वाटण्याची पाळी फिरती असावी. एकाने पिसावे, दुसऱ्याने काटावे. मधूनमधून सारे पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवून मिसळावेत. मुद्दाम एका दिशेने लावलेले पत्ते यामुळे विस्कटतात. नक्षीभोवती पांढरी चौकट असलेले आणि दोन्ही टोकांकडून सारखे दिसणारे पत्ते घ्यावेत. आपले दोन पत्ते एकदा पाहून खाली ठेवावेत आणि त्यांच्या पाठी तळहाताने झाकाव्यात. दुमडलेला वा डागाळलेला पत्ता दिसला की पूर्ण कॅट बाजूला करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणीही, केव्हाही, कारण न सांगता कॅट बदलण्याची मागणी करावी आणि ती मान्य व्हावी.

या शेवटच्या नियमामुळे कोणावरही आरोप करावा लागत नाही. 'तू लबाड आहेस' हे म्हणणे कठीण असते, पुराव्यावाचून अन्यायाचेही ठरेल. 'कॅट बदलू या' हे म्हणणे सोपे आहे. बदलल्यावर एखाद्याची जाण एकाएकी आटली, तर कळायचे ते कळते. कोणी या मागणीचाच राग मानला, तर तेथून उठावे. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी आणखी एक डाव बसू नये. कारण लबाडाची खरी कमाई त्याच डावात असते.

कौटिल्याला हे उमगले होते. अर्थशास्त्रात द्यूत एकाच ठरलेल्या जागी खेळवावे, फासे द्यूताध्यक्षाने पुरवावेत, ते बदलणाऱ्याला बारा पण दंड, कपट करणाऱ्याला दंड आणि शिवाय जिंकलेले काढून घ्यावे, असे नियम आहेत. खेळणाऱ्यांच्या सज्जनपणावर त्याने काहीच सोपवले नाही. साधने कोणा खेळाडूच्या हाती ठेवायची नाहीत, ही त्यातली खरी मेख आहे.

आता सभापर्वाकडे पुन्हा पाहावे. शकुनीच्या फाशांत बापाची हाडे होती ही कथा लोकपरंपरेतली. व्यासांनी रंगवलेला प्रसंग अधिक साधा आणि म्हणून अधिक बोचणारा आहे. हस्तिनापुरात कपटी द्यूतकार जमले असतील हे युधिष्ठिर विदुराजवळ बोलून दाखवतो. सभेत दुर्योधन म्हणतो, पण मी लावीन, खेळेल मात्र शकुनी मामा. तेव्हा एकासाठी दुसऱ्याने खेळणे आपल्याला विषम वाटते, असा आक्षेप युधिष्ठिर स्पष्ट शब्दांत घेतो. आणि आक्षेप घेऊन खेळायला बसतो! त्याला कळत नव्हते असे नाही. कळूनही उठवले नाही. पुढे वनवासात बृहदश्व ऋषीकडून तो अक्षविद्या शिकतो. पण त्या दिवशी त्याला कमी पडली ती विद्या नव्हे. वडीलधाऱ्यांच्या भरल्या सभेत 'या रीतीने मी खेळणार नाही' हे वाक्य कमी पडले.

'भीड भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात. लबाडाच्या हाती असलेली सर्वांत मोठी खूण पत्त्याच्या पाठीवर नसते; आपण विचारणार नाही हे त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसते. आमच्या त्या विद्यार्थ्याने ओळखायचे ते ओळखले होते. त्याला हवा होता तो विचारण्याचा धीर, आणि विचारणे म्हणजे मैत्रीचा अपमान नव्हे एवढे सांगणारे कोणी वडीलधारे माणूस. तेच आम्हांला सुचले नाही.

यंदा सभापर्व शिकवताना तो प्रश्न आला, तर आम्ही नियतीपर्यंत जाणार नाही. आक्षेप घेतल्यावर युधिष्ठिराने काय करायला हवे होते, ते वर्गालाच विचारू. आणि त्या मुलाला आम्ही पत्र लिहिले आहे. उपदेश त्यात एका ओळीचा आहे. बाकी सगळे वर लिहिले तेच.