पाळणे मागण्याआधी म्हाताऱ्यांचा हिशेब द्या!

जास्त मुले जन्माला घाला, असा उपदेश करणाऱ्यांचा सध्या सुकाळ झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तसे बोलले. डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी, जननदर (एका बाईमागची सरासरी मुले) २.१ च्या खाली गेलेला समाज टिकत नाही, असे बजावले. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला, हे खरे. गावेच्या गावे म्हातारी होत चालली आहेत, हेही खरे. पण ज्यांना असलेले म्हातारे सांभाळता येत नाहीत, त्यांनी नसलेली मुले कोणत्या तोंडाने मागावी?

हा सवाल झोंबत असेल तर साईबाबांच्या शिर्डीत या. दर्शनाच्या नावाखाली आईबापांना आणायचे, गर्दीत बसवायचे आणि पसार व्हायचे, हा नीचपणा या गावाने पुन्हा पुन्हा पाहिला आहे. आणि पुढाऱ्यांना चिंता कसली? जानेवारी २०२५ मध्ये माजी खासदार सुजय विखे यांना साई संस्थानच्या प्रसादालयातले फुकटचे जेवण खुपले. महाराष्ट्रातले भिकारी येथे गोळा होतात म्हणे! एप्रिलमध्ये पन्नासेक भिक्षेकरी धरून विसापूरच्या भिक्षेकरीगृहात धाडण्यात आले. त्यांतले चौघे अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात मेले. ज्या फकिराने हयातभर घरोघर भिक्षा मागितली, त्याच्याच गावात भिक्षा हा गुन्हा ठरला. आईबापांना टाकून जाणारा लेक मात्र मोकळा!

कायदा नाही म्हणावे, तर २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्यात लिहिलेले आहे. जिल्ह्यात निराधारांसाठी निदान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, हेही लिहिलेले आहे. न्यायाधिकरणाला आपणहून दखल घेता येते. हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते आणि शिर्डीत प्रांत कार्यालय आहे. दखल घ्यायला आणखी किती जवळ यायचे?

आणि सरकारचे औदार्य पाहा. योजनेला नाव श्रावणबाळाचे आणि पैसे महिन्याला दीड हजार, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये! त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यामागे दोनशे रुपये. तेही पदरात पडायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवायचे. एवढ्यात कोणते कुटुंब जगते, हे त्या दाखल्यावर सही करणाऱ्यांनीच सांगावे.

आता मुले का होत नाहीत, तेही ऐका. शिकलेल्या सुनांना बोल लावणाऱ्यांनी आधी आपल्या जिल्ह्याची जनगणना वाचावी. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली मुली होत्या ८८४. २०११ साली त्या ८५२ उरल्या. गर्भातच ज्यांचा गळा घोटला, त्या मुली आज लग्नाच्या वयाच्या असत्या. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून गळा काढणाऱ्या गावांनी त्या मुली आपल्याच हातांनी संपवल्या आहेत. जी मुलगी वाचली, तिने वाटण्या होत होत दोन एकरांवर आलेल्या शेतात राबावे, सासूसासऱ्यांचे दुखणे काढावे, मुलांच्या खासगी शाळेची फी भरावी आणि वर तिसरे मूलही द्यावे काय?

शासनाचा दुटप्पीपणा तर निर्लज्ज आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ मध्ये सरकारी नोकरीलाही छोट्या कुटुंबाची अट घातली. त्याच सुमारास राज्याचा जननदर २.१ वर येऊन ठेपला होता! आंध्रने असली बंदी २०२४ मध्ये मोडीत काढली. आमच्याकडे व्यासपीठावर तिसऱ्या मुलाला आशीर्वाद आणि तहसील कचेरीत अपात्रता. पैसे वाटले की पाळणे हलतात, या भ्रमातही कोणी राहू नये. दक्षिण कोरियाने अमाप पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तेथील जननदर ०.७२ वर घसरला.

तेव्हा आमची मागणी ऐका. शिर्डी संस्थानचा कारभार २००४ च्या कायद्याने चालतो, विश्वस्त सरकार नेमते, दानपेटीत कोट्यवधी रुपये पडतात. त्यातून टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी कायम निवारा आणि शुश्रूषा केंद्र उभे करा. रस्त्यावर सापडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला घरचे कोण, हे आधी विचारा आणि टाकून जाणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. निवृत्तिवेतन महागाईला बांधा, एकवीस हजारांची थट्टा रद्द करा, दोन अपत्यांची अट काढा आणि कामावर जाणाऱ्या बाईसाठी गावोगावी पाळणाघर काढा.

एवढे करून दाखवा. तोवर कोणत्याही पुढाऱ्याने महाराष्ट्रातल्या एकाही सुनेला किती मुले हवीत हे सांगायला जीभ उचलू नये!