ड्रमक्लिफची समाधी आणि संध्याकाळचे सूर

युरोपच्या सहलीला जाणारी आपली मंडळी लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडची बर्फाच्छादित शिखरे पाहून परततात. मुलगा वा मुलगी डब्लिनमध्ये नोकरीस असल्यामुळे अलीकडे काही कुटुंबांच्या वाटेवर आयर्लंडही येऊ लागले आहे; पण तेथेही मोहेरच्या कड्यांवर छायाचित्रे काढली की देश पाहून झाला, असे मानण्याची रीत आहे. त्या देशाने आपले चित्त कशात जपले आहे, हे पाहायचे असेल तर वायव्येकडील स्लायगो परगण्यात दोन दिवस काढले पाहिजेत.

स्लायगोच्या उत्तरेला बेनबुल्बेन नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी ड्रमक्लिफच्या चर्चच्या आवारात कवी विल्यम बटलर येट्स यांची समाधी आहे. साधा चुनखडीचा दगड, त्यावर त्यांनीच लिहून ठेवलेल्या तीन ओळी. संगमरवर नाही, पुतळा नाही. येट्सचे पणजोबा याच चर्चचे धर्मोपदेशक होते. आवारात प्राचीन मठाचा कोरीव क्रूस उभा आहे आणि रस्त्यापलीकडे त्याच मठाच्या गोल मनोऱ्याचा बुंधा. १९३९ साली येट्स फ्रान्समध्ये निवर्तले. युद्धामुळे त्यांचा देह तेथेच राहिला आणि १९४८ साली आयरिश नौदलाच्या जहाजातून अस्थी मायदेशी आणण्यात आल्या. त्या अस्थी त्यांच्याच कशावरून, अशी शंका अभ्यासक घेतात. गावकऱ्यांना तिचे फारसे सोयरसुतक दिसत नाही, आणि मला वाटते त्यांचेच बरोबर आहे.

त्या दगडासमोर उभ्या असलेल्या मराठी माणसाला आणखी एक नाव आठवायला हवे. येट्स म्हटले की आपल्याला रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'ची १९१२ सालची प्रस्तावना आठवते. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात हा कवी ज्यांच्या सहवासात उपनिषदे वाचत बसला, ते श्री पुरोहित स्वामी आपल्या विदर्भातले, अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचे. त्यांच्या आत्मचरित्राला येट्सनी १९३२ साली प्रस्तावना लिहिली. १९३५-३६ च्या हिवाळ्यात भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर दोघांनी मिळून दशोपनिषदांचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला आणि १९३७ साली तो प्रकाशित झाला. बडनेरा स्थानकावर गाडी बदलणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल? मला स्वतःला ते चाळिशी उलटल्यावर कळले, हे कबूल करतो.

समाधी पाहून, लॉक गिल सरोवरातले येट्सच्या कवितेमुळे जगाला ठाऊक झालेले इनिसफ्री हे चिमुकले बेट काठावरून न्याहाळून बहुतेक प्रवासी सायंकाळची डब्लिनची गाडी धरतात. चूक होते ती येथेच. येट्सच्या कवितेमागे जी लोकगीते आणि गावकथा आहेत, त्यांचा सूर ऐकायचा तर संध्याकाळ तेथेच काढावी लागते.

गावातल्या पबच्या एका कोपऱ्यात माणसे एकेक करून जमतात. कोणाच्या हाती फिडल, कोणाकडे लाकडी बासरी किंवा कथिलाची शिट्टी, कोणाकडे बोरान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ. एखादा इलन पाइप्स घेऊन येतो. या वाद्यात हवा तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने भरतात. मंडळी वर्तुळ करून एकमेकांकडे तोंड करून बसतात. श्रोत्यांकडे पाठ झाली तरी कोणाला वावगे वाटत नाही. कोणीतरी एक चाल उचलतो, ज्यांना ती येते ते सामील होतात, दोन-तीन आवर्तनांनंतर न थांबता दुसरी चाल सुरू होते. व्यासपीठ नाही, निवेदक नाही, शाल-श्रीफळ नाही. साठीचा शेतकरी आणि शाळकरी मुलगी शेजारी वाजवत असतात. एखाद्या खेड्यातल्या मंदिरातले गुरुवारचे भजन ज्याने ऐकले आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

ही परंपरा सहज टिकलेली नाही. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक परदेशी गेली. भाषा तर हातची गेलीच. २०२२ च्या जनगणनेनुसार पन्नास लाखांहून अधिक लोकसंख्येच्या देशात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम ७२ हजार. संगीताला परदेशाने हात दिला. कॉर्क परगण्यातून गेलेला फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि देशांतरितांकडून चाली टिपून १९०३ साली त्याने १८५० चालींचा संग्रह छापला. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेला. तेथे ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या तबकड्या मायदेशी परतल्या आणि स्लायगोची वादनशैली देशभर पसरली. उलट, स्वराज्य मिळाल्यावर १९३५ साली तिथल्याच शासनाने, पाद्री मंडळींच्या आग्रहाने, सार्वजनिक नृत्यावर परवान्याचे बंधन घातले, आणि त्याचा बडगा घरोघरच्या मैफलींवरही उगारला गेला. सावरायला १९५१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वादकांनीच कोल्तस नावाची संस्था उभारली आणि तिच्या शाखांतून आज मुले शिकतात.

शासनाच्या अनुदानाची वाट पाहत बसणाऱ्या आपल्याकडच्या कलासंस्थांनी हा इतिहास जरूर वाचावा.

पब म्हटल्यावर आपल्या घरांतील वडीलधारे कचरतात, हे मी जाणतो. पण आयर्लंडच्या खेड्यात पब हे गावाचे बैठकीचे घरही असते. रात्री नऊपर्यंत, आणि उन्हाळ्यात दहापर्यंत, आईवडिलांसोबत मुलेही तेथे बसू शकतात, आणि चहा मागितला तर कोणी भुवया उंचावत नाही. भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. आपल्या ओळखीच्या गाण्याची फर्माईश करू नये. मध्येच सारे वादक थांबतात आणि एखादी वृद्ध बाई डोळे मिटून, साथीशिवाय, आयरिश भाषेत गाऊ लागते. तेवढा वेळ गल्ल्यावरचा माणूससुद्धा पेले खाली ठेवून उभा राहतो.