चित्रमय पोथ्यांचे धनी कोण?

खारेपाटणच्या बाजारपेठेत शुक नदीचे पाणी पावसाळ्यात वारंवार शिरते. अशा गावी कागद टिकणे हीच मुळात नवलाची गोष्ट. तरीही दक्षिण कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यांवर तांबड्या फडक्यात बांधलेल्या पोथ्या अजून निघतात : श्रीधराचा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’. पैकी गेल्या शतकाच्या आधी शिळाछापावर निघालेल्या प्रतींत चित्रे असतील, तर त्यांना आज शहरात गिऱ्हाईक आहे. घरातील कर्ती माणसे मुंबईला, घराला कुलूप, आणि श्रावणात पोथी लावणारे कोणी उरलेले नाही. अशा वेळी ती पोथी रद्दीच्या तराजूत तरी जाते, नाहीतर संग्राहकाच्या हाती तरी. दुसरे भाग्य बरे, असे वरवर वाटते.

तसे ते नेहमीच असते असे नाही. पोथीची पाने सुटी असतात. त्यांना शिवण नसते. म्हणून चित्राची पाने काढून घेणे सोपे, आणि सबंध पोथीपेक्षा चौकटीत बसवलेले एकेक पान अधिक किमतीला जाते. कालियामर्दनाचे पान दिवाणखान्यात लटकते आणि ज्या ओव्यांसाठी ते चित्र काढले गेले, त्या ओव्या कचऱ्यात जातात. याला संग्रह म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना आहे.

ही पुस्तके निर्माण कोणी केली, हे पाहिले म्हणजे या व्यवहारातील अन्याय ध्यानात येतो. मुंबईत शिळाछापाचा देशी उद्योग उभा केला तो गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील कारागिराने. मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्याने स्वतः यंत्र केले, शाई केली, आणि १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली, तेव्हा त्याने तुपाची शाई केली म्हणतात! शिळाछापाची खुबी अशी की, लेखकूचे अक्षर आणि चिताऱ्याची रेघ दोन्ही एकाच दगडावर उतरतात; चित्रासाठी वेगळा ठसा कोरावा लागत नाही. त्यामुळेच, एरवी सरदार-सावकारांच्या हस्तलिखितांतच दिसणारी चित्रे सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचली. चित्रमय काव्यग्रंथ ही श्रीमंतांची मिरास मोडणारी वस्तू होती. तीच आज पुन्हा श्रीमंतांच्या भिंतीवर चढते आहे.

खारेपाटणला याच संदर्भात आणखी एक महत्त्व आहे. शिलाहार रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट या गावी सापडला. तो वाचून प्रथम प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचे पोंभुर्ले याच जिल्ह्यातले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्या पत्र्यांमुळे हाती आली. तांब्याचे पत्रे जपून ठेवणाऱ्याचे ऋण आहेच. पण पत्रा बोलू लागला तो वाचून छापल्यावर. त्याच बाळशास्त्रींनी १८४५ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर आणली. जे एकाच्या पेटीत आहे ते सर्वांसमोर ठेवायचे, ही त्यांची दृष्टी दोन्ही कामांत एकच होती.

संग्राहकांना सरसकट दोष देणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. छापील पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला १८६७ मध्ये. त्यापूर्वीचे कितीतरी ग्रंथ केवळ कोणाच्या तरी वेडापायी वाचले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, ती जिद्दीच्या बळावर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर जन्मभर वस्तू गोळा करीत हिंडले आणि १९७५ मध्ये तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रह आणि साठेबाजी यांतील फरक येथे आहे.

कायद्यावर फार विसंबून चालणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा मुख्य रोख परदेशी होणाऱ्या चोरट्या निर्यातीवर आहे. घरातल्या पोथीचे पान सुटे होताना तो दारात उभा राहणार नाही. उपाय गावातच शोधला पाहिजे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव मान्यताप्राप्त वाचनालये आली. त्यांची कपाटे कथा-कादंबऱ्यांनी भरतात हे ठीकच. पण गावातील जुन्या पोथ्यांची साधी यादीसुद्धा वाचनालयात असू नये, ही लाजेची बाब आहे. पोथी मालकाकडेच राहू द्यावी. देवघरातील वस्तू कोणी सहजासहजी देत नाही, आणि तिच्यावर जुलूम करण्याचे कारणही नाही. एक नोंदवही आणि छायाचित्र काढणारा एक तरुण एवढ्यावर काम सुरू होते.

कार्यकर्त्यांनी येत्या श्रावणात हे काम अंगावर घ्यावे. सुरुवात शेवटच्या पानापासून करावी, कारण छापखान्याचे नाव आणि शक बहुधा तेथेच सापडतो. मग पाने मोजावीत, चित्रे मोजावीत, कमी भरली तर तसेही लिहावे. आणि पोथी खालच्या फळीवर असेल, तर पूर येण्याआधी ती माळ्यावर ठेवण्यास घरच्यांना सांगून यावे.