मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर. पण प्रवास किती तासांचा? हिशेब घरापासून करा!

'मुंबई ते लंडन किती तास?' असं मोबाइलवर शोधलं की लगेच एक आकडा समोर येतो. तो चुकीचा नसतो, पण अपुरा असतो.

अंतर आणि वेळ जुळत का नाही?

दोन विमानतळांमधलं अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून, सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात. मुंबई ते हिथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मोठं विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. साधा भागाकार केला तर उत्तर येतं ८ तास. प्रत्यक्षात थेट विमानालाही साडेनऊ-दहा तास लागतात.

कारण विमान त्या रेषेवरून जातच नाही. ही रेषा जवळजवळ कराचीवरून जाते. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली आणि त्यानंतर ही मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. त्यामुळे अरबी समुद्रावरून वळसा. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. वारा बघून वेळ ठरवायची, हे मच्छीमार नगरातल्या नाखवांना वेगळं सांगायला नको.

तिकिटावरच्या वेळेची गंमत

तिकिटावर दोन्ही शहरांची स्थानिक वेळ असते. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. जूनमध्ये दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला पोहोचलात, तर प्रवास ५ नव्हे, साडेनऊ तासांचा झाला.

खरा प्रश्न इथला आहे

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ३ तास आधी विमानतळ गाठायचा असतो. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत आली आणि इथून थेट टी-२ गाठता येऊ लागलं. ना ट्रॅफिक, ना सिग्नल. पण परदेशी जाणारी अनेक विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात आणि त्या वेळी मेट्रो बंद असते. पहाटे ५ चं विमान असेल तर २ ला टी-२ वर हवं. म्हणजे पुन्हा टॅक्सी शोधा, नाहीतर शेवटच्या मेट्रोनं जाऊन तासन् तास बसून राहा.

आकाशातला वळसा आपल्या हातात नाही, जमिनीवरचा आहे. टी-२ पर्यंत रात्रभर, निदान तासाला एक मेट्रो हवी. देखभालीसाठी रात्रीचे काही तास लागतात, हे मान्य. मग त्या वेळेत तरी कफ परेडहून थेट बस सोडा. मुलाकडे निघालेले आईवडील असोत की जहाजावर रुजू व्हायला निघालेला खलाशी, विमान चुकलं तर नुकसान त्यांचंच होतं.

तोवर तिकीट काढताना एवढं करा: विमान किती तासांचं हे बघाच, पण घरातून किती वाजता आणि कशानं निघणार, हेही त्याच वेळी ठरवा.