श्वास कोंडला कीं धीर सुटतो

अंधारांत जिना उतरतांना एखादी पायरी चुकली, तर मनुष्य सर्वांच्या आधीं काय करतो? ओरडणें, हात पसरणें, कठडा धरणें हें सारें मागाहून. प्रथम त्याचा श्वास थांबतो. पडणें टळल्यावर ‘हुश्श’ करून आपण जो श्वास सोडतों, तो त्या क्षणीं छातींत कोंडून राहिलेलाच असतो. गोष्ट इतकी साधी; परंतु रशियांतील एका युद्धविद्येनें आपल्या शिक्षणाचा पायाच या अनुभवावर घातला आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

या विद्येस ‘सिस्टेमा’ म्हणतात. रशियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘पद्धति’ इतकाच. तिची परंपरा फार प्राचीन आहे असें तिचे आचार्य सांगतात. आज ती ज्या रूपांत शिकविली जाते तें रूप मात्र विसाव्या शतकांतलें. क्रास्नोदार येथील आलेक्सेइ कादोच्निकोव्ह (१९३५–२०१९) यांनीं तींत यंत्रशास्त्रांतील बलांचा व तरफांचा विचार आणिला. मॉस्को येथील मिखाईल रियाब्को यांनीं श्वासाला अग्रस्थान दिलें, आणि त्यांचे शिष्य व्लादिमिर वासिलिएव्ह यांनीं १९९३ सालीं कॅनडांत टोरांटो येथें शाळा काढून ती रशियाबाहेर नेली. या शाखेचे नियम चारच : श्वास अखंड चालावा, अंग सैल असावें, पाठीचा कणा सरळ राहावा आणि हालचाल थांबूं नये.

शिक्षणाचा आरंभ मारामारीनें न होतां चालण्यानें होतो. एका पावलाबरोबर नाकानें श्वास घ्यावयाचा, दुसऱ्या पावलाबरोबर तोंडानें सोडावयाचा. मग घेण्यास दोन पावलें, सोडण्यास दोन. असें वाढवीत दहापर्यंत जावयाचें व त्याच क्रमानें परत एकावर यावयाचें. नंतर मुठी जमिनीवर टेकून अंग अतिशय सावकाश खालीं न्यावयाचें व वर आणावयाचें. दंड थरथरूं लागले कीं मनुष्य दांत आवळतो, मान ताठ करतो आणि नकळत श्वास धरतो. गुरूचें सांगणें एवढेंच कीं, श्वास धरूं नको, आणि ज्या अवयवाचें या कामीं प्रयोजन नाहीं तो सैल सोड. पुढें उताणें निजून श्वास घेतांना एकेक अवयव मुद्दाम ताठ करणें व सोडतांना सैल करणें, हाही अभ्यास असतो. कारण ताण ज्याला ओळखतांच येत नाहीं, त्याला तो सोडतां कसा यावा?

या तयारीनंतर जोडीदाराचा धक्का, आणि मग बेताचा ठोसा. ठोसा लागतांच तोंडानें श्वास बाहेर टाकावयाचा, आणि धसका शिल्लक असेल तोंवर लहान लहान, जलद श्वासांनीं तो निववावयाचा. असे कांहीं ठोसे खाल्ल्यावर विद्यार्थ्याला एक शोध लागतो. भीति ठोशाच्या आधींच आलेली होती, आणि मनाला कळण्यापूर्वीं ती खांद्यांत व पोटांत येऊन बसली होती.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. भय वाटतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळतें, हृदय जलद चालतें, स्नायु आवळतात. ‘हळू चाल’ असें सांगून हृदय ऐकत नाहीं. श्वास मात्र बराचसा आपल्या सत्तेंतला आहे. श्वास घेतांना नाडी किंचित् जलद होते व सोडतांना मंद होते. हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूचें हें काम होय. म्हणून सावकाश, लांब सोडलेला श्वास हा हृदयापर्यंत पोंचणारा आपला निरोपच समजावा. जलद श्वासाला मात्र मर्यादा हवी. तो फार वेळ चालविल्यास रक्तांतील कार्बन डायॉक्साईड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व चक्कर येते.

आमच्या घरांतून संध्येच्या वेळीं प्राणायाम होतच आला आहे, तेव्हां यांत नवें तें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपण श्वास आवरतों तो आसनावर, दार लोटून घेतलेल्या स्वस्थतेंत. सिस्टेमाचा विद्यार्थी तो सांभाळावयास शिकतो, कोणी अंगावर धांवून येत असतां. स्वस्थपणीं मिळविलेली शांति संकटांत टिकते कीं नाहीं, हें संकटांतच कळणार.

हीच कसोटी सिस्टेमालाही लावली पाहिजे. तिच्या कांहीं प्रयोगांत गुरूनें स्पर्श न करतांच शिष्य कोसळतो. ते आम्हांस पटत नाहींत. जोडीदार मनापासून विरोध करीत नसेल, तर विद्यार्थी भीतीच्या छायेलाच जिंकतो. रशियाची दुसरी विद्या ‘साम्बो’, म्हणजे शस्त्रावांचून स्वसंरक्षण, या बाबतींत अधिक रोखठोक आहे. तिचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक वासिली ओश्चेप्कोव्ह हे टोकियोच्या कोदोकान संस्थेंत ज्यूदो शिकलेले. १९३७ सालीं ते कैदेंत वारले, आणि १९३८ सालीं सोव्हिएट सरकारनें साम्बोला मान्यता दिली. साम्बोंत सामने होतात, आणि समोरचा मल्ल खरोखरच जिंकावयास आलेला असतो. तेथें ज्याचा श्वास ठिकाणावर राहिला, तोच खरा शिकला असें आम्ही म्हणूं.

घरीं करून पाहावयाचें झाल्यास पावलें मोजीत चालण्याचा अभ्यास पुरे. श्वास रोखून धरण्याचे प्रयोग हृदयविकाराचे व रक्तदाबाचे रोगी आणि गर्भवती स्त्रिया यांनीं करूं नयेत; पाण्यांत तर कोणीच करूं नयेत, कारण तेथें शुद्ध हरपली तर प्राणच जावयाचा.

भीति वाटण्यांत लाज नाहीं, आणि ती आज्ञेनें जातही नाहीं. परीक्षेच्या दालनाशीं उभ्या असलेल्या मुलाला आपण ‘भिऊं नको’ म्हणून सांगतों; तें त्याच्या हातचें नसतें. त्यापेक्षां ‘श्वास सोड’ असें सांगावें. तें त्याला करतां येईल.